कार्ड हुकलं, नोकरी लागली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यातले एक निवृत्त प्राध्यापक लिहितात. वय ६६. एकुलती एक मुलगी, आता २९ वर्षांची. लहानपणी लष्करातल्या मामाचं बोट धरून गोल्फ कोर्सवर जायची, तिथेच हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आला. पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात चार वर्षं शिकली, तिथल्या संघातून खेळली आणि पदवी घेऊन व्यावसायिक झाली. शिष्यवृत्तीत न बसलेला खर्च आणि नंतरची वर्षं निभवायला वडिलांनी सासवडजवळची जमीन विकली. गेली सहा वर्षं ती एप्सन टूरवर, म्हणजे महिलांच्या दुसऱ्या फळीच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत, खेळते आहे. वरच्या एलपीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा परवाना, दोनदा थोडक्यात हुकलं. आता एका विद्यापीठाने तिला महिला संघाची असिस्टंट कोच म्हणून बोलावलं आहे. तीन आठवड्यांत कळवायचं आहे आणि ती 'हो' म्हणायच्या बेतात आहे. वडील विचारतात: "कोचच व्हायचं होतं तर इथेच झाली असती, त्यासाठी जमीन कशाला विकली? राहतं घर तारण ठेवून आणखी दोन वर्षांचा खर्च द्यायला मी तयार आहे. तिची आई म्हणते, तुम्ही मध्ये पडू नका. पण मी स्वतः ३४ वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, शिकवण्यात शेवटी काय उरतं ते मला माहीत आहे. तिला कसं समजावू?" शेवटी जाता जाता एक ओळ: "मागच्या महिन्यात तिने कुठल्याशा शाळकरी मुलीला शिकवतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यात काय बघायचं ते मला कळलं नाही."

सर, नमस्कार.

आधी घराचं बोलते, कारण त्यावर मला फार विचार करावा लागला नाही. राहतं घर तारण ठेवू नका. मुलीने नोकरी घेतली तरी ठेवू नका, नाही घेतली तरी ठेवू नका. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं अवघड आहे, एवढं एक सोपं आहे.

तुम्ही गणिताचे, म्हणून हिशोबच मांडते. एप्सन टूरवर वर्षअखेरच्या यादीत पहिल्या पंधरा जणींना पुढच्या वर्षीचं एलपीजीए कार्ड मिळतं. सोळावी राहिली ती राहिली. अडीच लाख डॉलरची बक्षिसं असलेल्या स्पर्धेत जिंकणारीला त्यातले पंधरा टक्के, म्हणजे साडेसदतीस हजार मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण जिंकणारी एक असते. तिसाव्या-चाळिसाव्या नंबरापर्यंत येता येता आकडा इतका घसरतो की त्या आठवड्याचा खर्चही भागत नाही, आणि कट चुकला, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरच्या छाटणीत बाद झाली, तर हातात शून्य. विमान, भाड्याची गाडी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), प्रवेश फी हे पैसे कट चुकला म्हणून कुणी परत देत नाही. तिथल्या कितीतरी मुली स्पर्धेच्या गावात कुणातरी यजमान कुटुंबाच्या घरी उतरतात, त्यामागे हौस कमी आणि हिशोब जास्त असतो. तुमची लेकही उतरली असेल. विचारा तिला, बरेच किस्से निघतील.

आता तुमची 'दोन वर्षं'. दोनच का? एक का नाही, चार का नाहीत? पत्रात याचं कारण सापडलं नाही. मला शंका अशी आहे की तुम्ही कर्जाच्या रकमेवरून मागे मोजत आलात: घरावर एवढे मिळतील, एवढ्यात दोन वर्षं निघतील. हा तिच्या खेळाचा अंदाज नव्हे, तुमच्या ऐपतीचा आहे. शिवाय तिने पैसे मागितले असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. पुण्यातलं घर गहाण आहे हे डोक्यात ठेवून चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात घालायचा हलका फटका, मारायचा म्हणजे काय होत असेल, याचा जरा विचार करा. चार फुटांचा पट एरवीही लोक चुकतात.

"कोचच व्हायचं होतं तर इथेच झाली असती." या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकले. तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक ड्रायव्हिंग रेंजवरचे सर आहेत: तासावर पैसे, हौशी मंडळींचे स्विंग सुधारायचे, संध्याकाळी घरी. तेही काम प्रामाणिकच आहे. पण तिला बोलावलंय ते या कामासाठी नाही, आणि इथे राहून ते बोलावणं आलं नसतं.

अमेरिकेत कॉलेजचं गोल्फ हा व्यावसायिक टूरचा खरा जिना आहे. संघातून पाच जणी उतरतात, प्रत्येक फेरीत पहिल्या चौघींचे गुण धरतात, पाचवीचे सोडून देतात. बहुतेक स्पर्धा ५४ होलच्या, आणि अनेकदा त्यातले ३६ पहिल्याच दिवशी. नऊ-दहा तास उन्हावाऱ्यात पायपीट. गंमत म्हणजे आठवड्याला वीस तासांची सरावमर्यादा पाळायची असते आणि नियमाच्या वहीत स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा मोजतात. गणिताच्या प्राध्यापकाला हे खटकेल, पण नियम असा आहे.

आणि व्यावसायिक गोल्फपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी असते, ती तुम्हाला मुद्दाम सांगते. टूरवर फेरी चालू असताना खेळाडूला सल्ला देऊ शकतो तो फक्त तिचा कॅडी. कॉलेज गोल्फमध्ये मात्र कोचला मध्ये बोलता येतं. म्हणून कोच बऱ्याचदा एखाद्या पार-थ्रीच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या होलच्या, टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) ठाण मांडून बसतात. संघातली एकेक मुलगी तिथे येते. समोर पाणी, पलीकडे ग्रीन, झेंडा मागच्या कोपऱ्यात, वारा अंगावर. एकोणीस वर्षांची पोरगी हातात दोन क्लब धरून विचारते, सात की आठ? आधीच्या होलवर तिने डबल बोगी केलेली असते, म्हणजे दोन फटके जास्त घेतलेले असतात, आणि डोळे भरलेले असतात. त्या क्षणी वाऱ्याबद्दल बोलायचं, की काल रात्रीच्या जेवणाबद्दल, की गप्प राहून सात नंबर तिच्या हातात द्यायचा, हे ठरवायला साताठ सेकंद मिळतात. हे पुस्तकातून येत नाही. ज्या बाईने स्वतः त्याच प्रसंगी चुकीचा क्लब काढून चेंडू पाण्यात घातला आहे, वर्षाचं कार्ड घालवलं आहे, तिला ते येतं. विद्यापीठ तिची सहा वर्षं विकत घेतं आहे, सर. तुम्ही ज्यांना वाया गेलेली म्हणता, तीच.

एका माणसाची गोष्ट सांगते. गोल्फ बघणाऱ्या तुमच्या लेकीला ती नक्की माहीत असेल.

केसी मार्टिन, जन्म १९७२, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या युजीन गावचा. जन्मापासून उजव्या पायात रक्ताभिसरणाचा दुर्मिळ आजार. पाय सुजायचा, चालताना असह्य दुखायचं, हाड ठिसूळ होत चाललं होतं. असा मुलगा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात गेला. १९९४ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर तिथे दाखल झालेला टायगर वुड्स त्याचा संघसहकारी झाला. पुढे मार्टिन व्यावसायिक झाला, पण अठरा होल चालणं शक्यच नव्हतं आणि पीजीए टूर, म्हणजे पुरुषांची सगळ्यात वरची टूर, कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) वापरू देईना. टूरचं म्हणणं, चालणं हा खेळाचाच भाग आहे. मार्टिनने १९९७ मध्ये अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दावा लावला. आर्नल्ड पामर आणि जॅक निकलस या दोन देवमाणसांनी त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. आपल्या खेळातल्या देवांनी आपल्याविरुद्ध बोलायचं, याची कल्पना करा. तरीही १९९८ च्या जानेवारीत तो पीजीएच्या खालच्या नाइकी टूरवरची लेकलँडची स्पर्धा जिंकला, त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये कार्टमधून खेळून तेविसाव्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ च्या मे महिन्यात सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायालयासमोर अठरा होल चालण्याचा हिशोबसुद्धा मांडला गेला होता: सुमारे ५०० कॅलरी, एका मोठ्या बर्गरहून कमी.

आता पुढचं ऐका. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांमध्ये हे येत नाही. निकाल लागला तेव्हा मार्टिनकडे पीजीए टूरचं कार्ड राहिलेलंच नव्हतं. २००० चा हंगाम तो त्या टूरवर खेळला होता आणि वर्षाच्या शेवटी कार्ड गेलं होतं. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने कार्ट दिली, पण कार्ड द्यायचा अधिकार न्यायालयाला नव्हता. पुढची काही वर्षं तो खालच्या टूरवर खेळत राहिला. तुमच्या लेकीसारखाच. आणि २००६ मध्ये त्याने आपल्याच गावच्या ओरेगन विद्यापीठाच्या संघाचं कोचपद घेतलं.

खेळण्याच्या हक्कासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलेल्या या माणसाला 'मैदान सोडून पळाला' असं म्हणायचं झालं तर तुमची-माझी जीभ रेटेल का?

दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, कॉलेज गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा युजीनमध्येच होती. अंतिम सामना टेक्ससशी. दोन-दोन अशी बरोबरी, आणि शेवटची जोडी अठरा होलमध्ये सुटेना. एकोणिसावा, विसावा, एकविसावा होल. एकविसाव्यावर ओरेगनच्या सुलमान रझाने सामना जिंकला आणि विद्यापीठाला गोल्फमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. वैयक्तिक विजेतेपदही मार्टिनच्याच संघातल्या ॲरन वाइजचं. हा मुलगा दोन वर्षांनी पीजीए टूरवरचा सर्वोत्तम नवोदित ठरला. मार्टिनला जे कार्ड एका हंगामाहून जास्त टिकवता आलं नाही, त्या टूरवर त्याचा विद्यार्थी पोचला. मला यात कुठे हळहळ दिसत नाही. तुम्हाला दिसते का, ते तुम्ही बघा.

स्त्रियांमधलं उदाहरण हवं असेल तर लॉरा इयानेलो. २००० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या विजेत्या संघात खेळाडू होती, मग व्यावसायिक टूरवर खेळली, मग २०१० मध्ये त्याच विद्यापीठाची मुख्य कोच. २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचा संघ बाद होता होता वाचला: शेवटच्या होलवर फिलिपिन्सच्या बियांका पगडांगाननने ईगलचा (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी) पट घातला, पुढे जाणाऱ्यांतल्या शेवटच्या, आठव्या जागेसाठी बरोबरी झाली, ती सोडवणारा प्लेऑफ जिंकला, आणि तिथून पुढे थेट विजेतेपद. आता ती टेक्ससची कोच आहे. घरापासून हजारो मैलांवर खेळणाऱ्या आशियाई मुली अशा संघांत कितीतरी असतात. त्यांना पहिल्या हिवाळ्यात काय होतं हे ज्या कोचने स्वतः भोगलंय, ती त्यांना निराळीच वाटणार.

तुम्हाला वाटत असेल, आता ही आचरेकर सरांचा दाखला देणार. नाही देत. आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले आणि थोर प्रशिक्षक झाले. ती गोष्ट सुंदर आहे, पण आपण ती नेहमी अशी सांगतो की जणू खेळता आलं नाही म्हणून शिकवलं. शिवाजी पार्कच्या उन्हात स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवणारा माणूस काहीतरी न मिळाल्याची भरपाई करत होता असं मला कधीच वाटलं नाही. ही 'भरपाई'ची समजूत आपल्याकडे फार खोल आहे. माझे वडील पेटी वाजवायचे. लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या मैफली कुठे?" की त्यांचा आवाज खाली यायचा, "नाही, शिकवण्या चालू आहेत." तेच वडील मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली की वेगळे दिसायचे. आवाज खाली यायचा तो फक्त लग्नात.

आता नोकरीची दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी तुमच्या लेकीची वकील झाले असं होईल.

असिस्टंट कोचचं निम्मं काम गोल्फचं नसतं. व्हॅन चालवायची, मोटेलची बुकिंग, सँडविचच्या ऑर्डरी, मुलींच्या परीक्षांची वेळापत्रकं, नियमपालनाचे फॉर्म. शाळकरी खेळाडूंशी थेट संपर्क करायला परवानगी मिळते ती त्यांच्या दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून. त्या दिवशी देशभरातले कोच मध्यरात्री फोन हातात घेऊन बसलेले असतात. उन्हाळा मग ज्युनिअर स्पर्धांच्या कडेला उभं राहून मुली बघण्यात जातो. शनिवार-रविवार असा प्रकार नाही. पगार विद्यापीठागणिक खूप वेगळा. मुख्य कोच बदलली की नवीन बाई आपली माणसं आणते, त्यामुळे खुर्ची कायमची नसते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची घडीच सध्या विस्कटली आहे. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत. हा पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळणार, हे उघड आहे. जी विद्यापीठं या व्यवस्थेत आली त्यांच्या गोल्फ संघांवर नऊ खेळाडूंची मर्यादा आली. कमाई न करणाऱ्या खेळांचे विभागप्रमुख धास्तावलेले आहेत. शिक्षणसंस्थांमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या संघांना थोडं संरक्षण आहे, पण थोडंच. म्हणून 'हो' म्हणण्याआधी तिने विद्यापीठाला सरळ विचारावं: महिला गोल्फचा पुढच्या तीन वर्षांचा पैसा कुठून येतो? देणगीतून असेल तर ती देणगी कायमची आहे की दरसाल मागावी लागते? करार बारा महिन्यांचा की नऊ? आरोग्य विमा कुठल्या तारखेपासून? नोकरी करता करता मास्टर्सची फी माफ होते का? हे शेवटचं अनेक ठिकाणी मिळतं आणि लोक मागायला विसरतात.

व्हिसाचं स्वतंत्र सांगते, कारण याच्याशी मिळतीजुळती पत्रं दर महिन्याला येतात. विद्यापीठाची नोकरी असेल तर एच-वन-बीच्या वार्षिक कोट्याची आणि लॉटरीची कटकट नसते, हा मोठा फायदा आहे. मात्र २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. म्हणून ती आज कुठल्या व्हिसावर आहे आणि तिथेच राहून तो बदलून मिळतो का, हे इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय तिने देश सोडू नये. तोवर 'चार दिवस घरी येऊन जा, समोरासमोर बोलू' असा आग्रह तुम्ही धरू नका. तो प्रेमाचा आग्रह महागात पडू शकतो.

खेळ संपतो का? तुमच्या पत्रात ही भीती न लिहिता लिहिलेली आहे. केसी मार्टिन कोच असतानाच, २०१२ मध्ये, ओरेगनमध्ये छत्तीस होलची पात्रता फेरी खेळून पुन्हा यूएस ओपनला गेला, तेही चाळिशीत आणि त्याच ऑलिम्पिक क्लबवर जिथे चौदा वर्षांपूर्वी खेळला होता. कट चुकला. पण गेला. यूएस विमेन्स ओपनचीही पात्रता फेरी असते आणि ती व्यावसायिक खेळाडूंना खुली असते. अडचण वेळापत्रकाची आहे: त्या फेऱ्या आणि कॉलेजच्या हंगामातला शेवटचा, सगळ्यात गडबडीचा भाग साधारण एकाच सुमाराला येतात. म्हणून वर्षातून एक-दोन स्पर्धांची मोकळीक मिळेल का, हे मुख्य कोचशी आत्ताच बोलून घ्यावं. रुजू झाल्यावर मागितलं की ती सवलत वाटते, आधी मागितलं की ती अट असते.

भारतात परत यायचा रस्ताही आहे. इथे महिलांची व्यावसायिक टूर आहे, टोकियोत अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकल्यापासून घरोघरी निदान गोल्फचं नाव तरी पोचलं, शिकवायला चांगल्या माणसांची वानवाही आहे. पण परत यायचंच झालं तर राष्ट्रीय स्पर्धेचा संघ बांधलेली कोच म्हणून येणं आणि कार्ड हुकलेली खेळाडू म्हणून येणं, यात फरक पडेल. मी तिच्या जागी असते तर नोकरी घेतली असती आणि तीन वर्षांनी पुन्हा हिशोब केला असता. हे माझं मत झालं. निर्णय तिचा आहे. तुमचा नाही आणि माझा तर अजिबात नाही.

याच निमित्ताने इतरांसाठीही एक लिहून ठेवते, कारण ज्यांची मुलं बॅडमिंटन, बुद्धिबळ, कथक, काहीही जीव तोडून करतात त्यांचीही पत्रं येतात. मुलावर केलेला खर्च 'गुंतवणूक' या खात्यात लिहू नका. एकदा तिथे लिहिला की परतावा आपण ठरवतो, आणि तो नेहमी एकाच रूपात हवा असतो: कप, कार्ड, पेपरातला फोटो. आणखी एक. मूल थांबायचं म्हणालं तर 'का थांबतोस' विचारण्याआधी 'पुढे कशाकडे चालला आहेस' विचारा. उत्तर नसेल तर काळजी करा, मग एखाद्या क्रीडा-मानसतज्ज्ञाशी गाठ घालून द्या. तुमच्या लेकीकडे उत्तर आहे, पगारपत्रासकट.

आता ते वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. "शिकवण्यात शेवटी काय उरतं ते मला माहीत आहे."

सर, मला याचं वाईट वाटलं, आणि ते मुलीसाठी नाही वाटलं. चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल माणूस असं बोलतो तेव्हा कुठेतरी काहीतरी लागलेलं असतं. रिकामे वर्ग असतील, गाइडं पाठ करणारी मुलं असतील, रखडलेली बढती असेल. मी विचारत नाही. पण ते तुमचं गणित आहे, तिच्या उत्तरपत्रिकेत ते सोडवू नका. आणि एक शक्यता तुमच्यासमोर ठेवते. ही मुलगी बारा-पंधरा वर्षं कुणाच्या घरात वाढली? जेवणाच्या टेबलाशी बसून पेपर तपासणारा, एखाद्या पोराने चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलं तर लाल पेन खाली ठेवून हसणारा माणूस तिने पाहिलेला असेल. तुम्ही तसे होतात की नव्हतात, मला ठाऊक नाही. पण गोल्फ तिला मामाने दिलं. शिकवायची ओढ मामाने दिली नसावी.

म्हणून मला तो व्हिडिओ महत्त्वाचा वाटतो. तो तिने आईला पाठवला असं तुम्ही लिहिलं नाहीत, मामालाही नाही. तुम्हाला पाठवला. चेंडू कुठे गेला हे दाखवायचं असतं तर मामाकडे गेला असता.

'तिला कसं समजावू' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच करा. आज रात्री तो व्हिडिओ पुन्हा लावा, आवाज चालू ठेवून. गोल्फ बघू नका, तुम्हाला त्यातलं कळतही नाही, तुम्हीच लिहिलंय. लेक कधी बोलते आणि कधी तोंड मिटून उभी राहते, ते बघा. पोरगी चुकल्यावर ती लगेच सांगते, की तिला आणखी एकदा चुकू देते, ते बघा. ह्यातलं तुम्हाला कळतं. तिला घाई होते आहे, ती जास्त बोलते आहे, असं दिसलं तर तसं सांगा. असल्या बाबतीत तुमचं मत तिला हवंच असणार.

मग फोन करा. साडेसातच्या सुमाराला करा, तिच्याकडे सकाळ झालेली असेल.